प्रकाशाचे वाटेकरी



सुरतेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांची मुळे खानदेशात, तापीच्याच काठी आहेत. त्या तापीवर १९७२ साली उकाई धरण पुरे झाले. तेथील जलविद्युत केंद्राची क्षमता ३०० मेगावॉट आहे. परंतु ज्या आदिवासींची गावे जलाशयाखाली गेली, त्यांना योजनेच्या आखणीत स्थान नव्हते.

आता नंदुरबार जिल्ह्यातील बिलगाव पाहा. २००३ साली तेथील आदिवासींनी केरळच्या तरुण अभियंत्यांच्या साहाय्याने, स्वतः श्रमदान करून, धबधब्यावर १५ किलोवॉटचा प्रकल्प उभारला. झोपड्यांतून दिवे लागले. २००६ साली सरदार सरोवराच्या फुगवट्याने तो प्रकल्प बुडविला. योजना आखण्याची त्यांची पात्रता मात्र बुडाली नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा पंचायतीशी विचारविनिमय आवश्यक ठरविला. मला तेवढे पुरेसे वाटत नाही. जमीन घेताना विचारणे आणि आराखडा करताना शेजारी बसविणे, यांत फार अंतर आहे. सौर व पवन ऊर्जेच्या योजनांत तरी आदिवासी बांधवांना पहिल्याच बैठकीस बोलवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.