संगणक साऱ्यांचा, किल्ली जिची तिची
(समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेली मांडणी)



आपल्या बहुतेक केंद्रांत संगणक एक आणि हात अनेक. समुपदेशक, हिशेब पाहणारी, स्वयंसेविका, शिकायला आलेल्या मुली साऱ्याजणी त्यावरच बसतात. पासवर्डही एकच, तोही पडद्याशेजारी चिकटवलेला. केसचे कागद मात्र आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो. मग तीच केस संगणकात गेली की कुलूप का निघते?

घर सोडलेली बाई आपला नवा पत्ता विश्वासाने सांगते. तो फुटला तर मारणारा नवरा दारात उभा राहतो. बलात्कारित स्त्रीची ओळख छापून उघड करणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हाच आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही.

करायचे काय? विंडोजमध्ये प्रत्येकीचे वेगळे खाते उघडा. रोजच्या कामाला साधे खाते पुरते. खाती उघडण्या-मिटवण्याचे अधिकार असलेले 'अॅडमिनिस्ट्रेटर' खाते दोघींकडेच असावे. केसचे फोल्डर त्या केसवर काम करणारीलाच उघडता यावे. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि 'एल' एकत्र दाबा, पडद्याला कुलूप लागते. काम सोडून गेलेलीचे खाते त्याच दिवशी बंद करा.

कोणत्या खात्यातून कधी प्रवेश झाला, याची नोंद संगणक ठेवतो. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये ती ४६२४ या क्रमांकाखाली दिसते, फसलेला प्रयत्न ४६२५ खाली. कोणती फाइल कोणी उघडली, ही नोंद मात्र मुद्दाम चालू करावी लागते. खाते एकच असेल तर या नोंदी मुक्या. मग माहिती फुटली की संशय सर्वांत कमी पगाराच्या मुलीवर जातो. वेगळे खाते तिचेही संरक्षण करते.

पण बायकोचा फोन तपासणाऱ्या नवऱ्याला आपण जाब विचारतो. मग आपणच कार्यकर्तीवर चोरून पाळत कशी ठेवायची? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. म्हणून काय नोंदले जाईल, कोण पाहील, किती दिवस ठेवायचे, हे बैठकीत सर्वांसमोर ठरवा आणि लिहून भिंतीवर लावा. नोंदी एकटीने नव्हे, दोघींनी मिळून पाहाव्यात. संस्थेच्या प्रमुखांचे खातेही त्यातून सुटू नये.

किल्ली कोणाकडे, हा सत्तेचा प्रश्न आहे. पुढच्या बैठकीत तो पहिला घ्या.