रेगेचा ठेका कीबोर्डवर

रेगे म्हटलं की बॉब मार्ली आठवतो, गिटार आठवते, छातीत घुमणारा बेस आठवतो. कीबोर्डवाला कुणालाच आठवत नाही. माझं म्हणणं असं, की रेगे चालतो तो त्याच्या बोटांवर.

चार मात्रांचं आवर्तन धरा. 'वन ड्रॉप' नावाच्या ठेक्यात पहिल्या मात्रेवर ड्रम गप्प असतो, आघात पडतो तिसरीवर. समेची वाट पाहण्यात घडलेले आपले कान इथं सुरुवातीला हमखास चुकतात. पियानो येतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मधल्या सप्तकातला साधा तीन सुरांचा कॉर्ड, आणि वाजताक्षणी बोटं वर. गिटारही तिथंच वाजते. पियानोचं काम एवढंच.

खरी कारागिरी ऑर्गनची. तिला वादक 'बबल' म्हणतात. उजवा हात पियानोबरोबर पडतो. डावा त्याच्या अर्धी मात्रा आधी आणि अर्धी मात्रा नंतर. डावा, उजवा, डावा. हॅमंड ऑर्गनचा हा आवाज इतका खाली ठेवतात, की तो वेगळा ऐकूही येत नाही. पण काढून पाहा, गाणं जागच्या जागी बसतं. मिश्रण करताना त्याचा खर्जही कापतात, कारण ती जागा बेस गिटारची. इतकं मागं राहून इतकं काम करणारं वादन मला फार थोर वाटतं.

या वादनाचा मोठा उस्ताद जॅकी मिटू. 1948 चा जन्म. 1964 मध्ये 'स्कॅटलाइट्स' हे वाद्यपथक उभं राहिलं, तेव्हा संस्थापकांत हा मुलगा होता. पुढे किंग्स्टनच्या ब्रेंटफर्ड रोडवरच्या 'स्टुडिओ वन'मध्ये, निर्माते कॉक्सन डॉड यांच्याकडे, त्यानं जी वाद्यसंगत रचली, तिच्यावर नंतरच्या पिढ्या नवी गाणी गात राहिल्या. बेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

मग 1985 आलं. जमैकातला वादक नोएल डेव्ही याच्याकडे कॅसिओचा एमटी-40 हा छोटा कीबोर्ड होता. त्यात 'रॉक' नावाचा एक तयार ठेका होता, ओकुदा हिरोको या जपानी तरुणीनं बसवलेला. तिनं पदवीचा प्रबंध रेगेवरच लिहिला होता! डेव्ही आणि गायक वेन स्मिथ तो ठेका घेऊन निर्माता किंग जॅमीकडे गेले. जॅमीनं त्याची लय उतरवली आणि वर पियानो व टाळी चढवली. 'अंडर मी स्लेंग टेंग' तयार झालं आणि जमैकाचं संगीत यंत्रयुगात शिरलं. ड्रम गेला, बेस गिटार गेली. पियानो मात्र जॅमीला लागलाच.

सभागृहात संगणकावर संगीत करणारी तरुण मंडळी दिसताहेत. त्यांना विनंती आहे: रेगे करताना सस्टेन पेडलवरचा पाय काढा, आणि बबल माऊसनं मांडू नका, दोन्ही हातांनी वाजवा.