वाळू की माती?

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. मुनिरक्यात माझ्या शेजारी राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने पेटीत वाढविलेला ऑस्ट्रेलियन दाढीवाला सरडा पाळण्याचे ठरविले, तेव्हा त्यानेही प्रथम वाळूचीच चौकशी केली. कोणी त्यास सुचविले, त्यापेक्षा राजस्थानातून एखादा सांडाच का आणीत नाही?

श्रोतेहो, थरच्या वाळवंटातील हा शाकाहारी सांडा सरकत्या वाळूत राहत नाही. घट्ट, सपाट जमिनीत तो बीळ खोदतो, त्याचे तोंड मातीने बुजवितो आणि हिवाळा आतच काढतो. भुसभुशीत वाळूत ते बीळ टिकणार कसे? ऑस्ट्रेलियातील त्या सरड्याचा मुलूखही बव्हंशी असाच आहे: कठीण माती आणि विरळ झुडपे.

म्हणून पेटीच्या तळाशी नुसती वाळू पसरू नये. मातीत थोडी वाळू मिसळून, पाण्याने भिजवून ती चोपावी आणि पुरती वाळू द्यावी. पिल्लासाठी मात्र साधा कागदच बरा. भक्ष्याबरोबर वाळू पोटात गेल्यास आतडे तुंबण्याची भीती असते. जड दगड मातीवर न ठेवता थेट तळावर टेकवावा, म्हणजे खालची माती उकरली तरी तो अंगावर कोसळत नाही. एका टोकास दिव्याखाली सुमारे 40 अंश सेल्सिअस ऊब असावी, दुसरे टोक पंचविशीच्या आसपास असावे. या प्राण्याला शरीराची ऊब स्वतः निर्माण करता येत नाही. ऊन-सावलीत ये-जा करूनच तो ती राखतो. मुनिरका गावाच्या अरुंद गल्ल्यांत ऊन क्वचितच उतरते, आणि खिडकीतून आले तरी ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण काच अडविते. त्यासाठी निराळा दिवा लागतो. दिल्लीच्या पावसाळी दमटपणात हवा खेळावी म्हणून झाकण जाळीचे असावे.

आता त्या सूचनेविषयी. सांड्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. तरीही औषधी म्हणून खपविल्या जाणाऱ्या तेलापायी त्याची हत्या होते. त्या तेलात कसलाही गुण सिद्ध झालेला नाही. सांड्याचे घर त्याने स्वतःच बांधलेले आहे. आपण ते उकरू नये आणि ते तेल विकत घेऊ नये, एवढेच त्याच्यासाठी करावयाचे आहे.