हापसा का बंद पडतो?
(किन्हवली येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबईस जाते, आणि ऐन वैशाखात याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर बायाबापड्या हापशापाशी हंड्यांची रांग लावतात. अशा वेळी दांडा हलतो पण पाणी येत नाही, तेव्हा आपण एवढेच म्हणतो, ‘हापसा बिघडला.’ या वाक्याविरुद्ध माझी तक्रार आहे.

हापसा एकाच तऱ्हेने बिघडत नाही. सिलिंडरमधील वायसर झिजतो, तो दांडा किती वेळा मारला त्या प्रमाणात. सळईचा जोड सैल बसवला असेल तर तो लवकरच सुटतो. लोखंडी नळ गंजतो. पाणी आम्लधर्मी असेल तेथे झपाट्याने, इतरत्र सावकाश. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की सळईवरचा भारही वाढतो.

आता थोडा हिशेब पाहा. समजा, पंपाचे चार भाग आहेत आणि प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याचा संभव शंभरात नव्वद आहे. ऐकायला बरे वाटते! पण चारही टिकले तरच हंडा भरतो. एकाचा बिघाड दुसऱ्यावर अवलंबून नाही असे धरले, तर नव्वद टक्क्यांचा चार वेळा गुणाकार करावा लागतो. उत्तर येते जेमतेम सहासष्ट. म्हणजे शंभरातले चौतीस हापसे वर्षाच्या आत बंद.

आणखी एक गोम आहे. सळई तुटली म्हणून पंप वर काढला, तेव्हा वायसर शाबूत होता. त्याचे आयुष्य किती धरायचे? ‘निदान इतके दिवस टिकला’ एवढेच लिहावे. तो तेथेच संपला असे धरले तर वायसर नाहक बदनाम होतो, आणि ती नोंद गाळली तरी हिशेब चुकतोच.

परिस्थितीचा धडा तर महाराष्ट्रानेच गिरवला आहे. पूर्वीचे बिडाचे पंप परदेशी धर्तीचे, एका कुटुंबाच्या अंगणापुरते. इथे त्यांवर सारा गाव तुटून पडे. म्हणून जालन्यास आणि पुढे सोलापुरास मजबूत पोलादी पंप तयार झाले. सोलापूरच्या पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क-२’ घडला, सुमारे ३०० माणसांच्या वापरासाठी. १९८० च्या दशकात कोइमतूरकडील चाचण्यांत चामड्यापेक्षा नायट्राइल रबराचे वायसर टिकाऊ ठरले. ‘मार्क-३’ मध्ये तर सगळे नळ न उपसता वायसर बदलण्याची सोय झाली. कोणता भाग कशाने जातो, हे वेगवेगळे पाहिले म्हणूनच हे जमले.

एका गावची दुरुस्ती-वही मी चाळली. तीन ठिकाणी ‘दुरुस्त केला’ असा शेरा होता. कोणता भाग, ते कोठेच नाही. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या पाड्यावरील हापशासाठी एक वही घाला. तारीख, गेलेला भाग, शाबूत निघालेले भाग, पाण्याची खोली आणि रोज पाणी भरणारी घरे, एवढे रकाने पुरेत. पहिली नोंद या उन्हाळ्यातच करावी लागेल.