कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

(खंडवा येथे झालेल्या रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त मेळाव्यात संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण)



सचिव उभा राहिला की महागाई भत्ता, पेन्शन आणि रिक्त जागा यांवर बोलणार, हे तुम्ही धरूनच चालला असाल. ते विषय आधीच्या वक्त्यांनी मांडले आहेत. मी आज पोटाविषयी बोलणार आहे. पोटासाठी आपण आयुष्यभर लढलो. आता ते पुढे आले आहे, तेव्हा त्याच्याशीही लढावे लागणार.

मी दहावी झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. १९९१ साली भुसावळ विभागात गँगमन म्हणून लागलो. उन्हात बीटर मारला, खडीची घमेली उचलली, पुढे कीमॅन म्हणून रोज लाइन चाललो. तेव्हा वजन ५८ किलो होते. नंतर मुकादम झालो, संघटनेचे काम अंगावर आले. सभा, प्रवास आणि चहा वाढला. चार वर्षांपूर्वी आमच्या शाखेने आरोग्य तपासणी शिबीर घेतले. सचिवाने आधी बसावे म्हणजे बाकीचे बसतील, म्हणून मी खुर्चीत बसलो. वजन ८४ किलो, रक्तदाब १६० वर १००, रक्तात साखर. डॉक्टरांनी विचारले, "काम काय करता?" मी छाती काढून सांगितले, "साहेब, आठ वर्षे बीटर मारला आहे." ते म्हणाले, "ते कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

बंधूंनो, आपली समजूत अशी की कष्टाच्या माणसाला व्यायामाची गरज नाही; तो ऑफिसातल्या साहेबाने करावा. या समजुतीत थोडे तथ्य आहे. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. त्याच अभ्यासात टपाल कामगारही होते. पायी आणि सायकलवर पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनांची स्थिती बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा चांगली निघाली. पण १९५६ साली त्यांनीच बस कामगारांच्या गणवेशांची मापे तपासली. तेव्हा असे दिसले की ड्रायव्हरांच्या विजारी नोकरीच्या सुरुवातीपासूनच कमरेत मोठ्या होत्या. म्हणजे सगळे श्रेय एकट्या नोकरीला देता येत नाही.

शिवाय चालणे वेगळे आणि ओझे उचलणे वेगळे. व्यायाम अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. दम लागला की आपण थांबतो, नंतर विश्रांती घेतो. गँगमध्ये कामाचा वेग आपल्या हातात नसतो. तासन् तास कमरेत वाकून तेच काम, त्यावर ऊन, आणि रात्री गस्त असेल तर झोपही नाही. त्याने माणूस झिजतो, तंदुरुस्त होतोच असे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे काम बदलले, ताट बदलले नाही. पूर्वी बीटरने होणारे खडी ठोकण्याचे बरेचसे काम आज टॅम्पिंग मशीन करते. पुष्कळ पोस्टमन सायकलवरून मोटारसायकलवर आले. मी मुकादम झालो तरी भाकऱ्या गँगमनच्याच खात होतो. शेवभाजीवर तेलाचा तवंग नसला तर जेवलो असे वाटत नसे. शेवटी आमच्या घरातून ऐकावे लागले, "भाकऱ्या आजच्या कामाच्या मोजा, तीस वर्षांपूर्वीच्या नको."

मी काय केले ते सांगतो. प्रथम चहाचा हिशेब केला. दिवसाला आठ चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ८० ग्रॅम. महिन्याला जवळजवळ अडीच किलो साखर मी नुसती पीत होतो! चहा तीनवर आणला, साखर हळूहळू बंद केली. रात्रीच्या चार भाकऱ्यांच्या दोन केल्या, सोबत उसळ, पालेभाजी आणि काकडी-मुळा. स्टेशनवरची भजी सोडली, डब्यात फुटाणे ठेवू लागलो. रोज अर्धा तास, हातात काही ओझे न घेता, भरभर चालतो. चौदा महिन्यांत नऊ किलो उतरले. गुडघे अजून कुरकुरतात, गोळीही चालू आहे. पण रक्तदाब आटोक्यात आला. घाई करू नका, आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी भरपूर झाले. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचे.

आता लोको पायलट बंधूंना विशेष सांगतो. तुमची वैद्यकीय तपासणी ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. तपासणीच्या आधी आठ दिवस उपाशी राहून आजार लपवणारे मी पाहिले आहेत. आज अशी रक्ततपासणी आहे की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. ती आठ दिवसांत फसत नाही. माझा एक सहकारी असाच लपवत राहिला. साखरेने डोळ्यांचा पडदा खराब झाला आणि इंजिनावरून उतरावे लागले. नोकरी राहिली, पण किलोमीटर भत्ता गेला आणि घराचा हप्ता तसाच राहिला. त्याने दोन वर्षे आधी तोंड उघडले असते तर कदाचित आजही तो गाडी चालवत असता.

कोणी म्हणेल, सचिव प्रशासनाची चूक कामगाराच्या पोटावर ढकलतो आहे. तसे नाही. दहा तासांच्या ड्युटीसाठी लोको कामगार १९७३ साली संपावर गेले, ते आरामासाठीच. झोप पुरी झाली नाही की भूक वाढते आणि हात गोडाकडे जातो. रनिंग रूममध्ये वेळेवर ताजे जेवण, गँगला कामाच्या जागी थंड पाणी, महिलांसाठी शौचालय या आपल्या मागण्या आहेत. लाइनवर सोय नाही म्हणून आपल्या भगिनी दिवसभर पाणी पीत नाहीत, ही शरमेची गोष्ट आहे. या मागण्या आपण सोडणार नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत चहातली साखर कमी करायला कोणाचीही मंजुरी लागत नाही.

म्हणून प्रत्येक शाखेला माझी विनंती आहे. वर्गणीतून वजनकाटा आणि रक्तदाबाचे यंत्र घ्या, महिन्याच्या सभेत आधी मोजमाप आणि मग भाषणे. सुरुवात पदाधिकाऱ्यांपासून करा. ज्याच्या रक्तात साखर निघेल त्याची थट्टा करू नका, त्याला दवाखान्यात घेऊन जा.

पेन्शनसाठी आपण लढतो आहोत. ती घ्यायला आपण स्वतःच्या पायांनी चालत गेलो पाहिजे. एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!