पोरगी म्हणते, मी आखीन शिकतो

मी बचत गटांची समन्वयक. शिक्षण बी.ए. कॉम्प्युटरवर गटांचे हिशेब भरता येतात, त्यापलीकडं माझी मजल नाही. तरी आज कॉम्प्युटरमधल्या संशोधनाच्या शिक्षणावर बोलणार आहे, कारण हा विषय आमच्या गटाच्या बैठकीतच निघाला.

हप्ते गोळा झाले आणि एक मावशी मागं थांबल्या. म्हणाल्या, "ताई, पोट्टी इंजिनिअर झाली. आता म्हणते, मी आखीन शिकतो. दोन-तीन वर्सं. कंपनीत लागाचं सोडून हे काय काढलं तिनं?" सोयाबीनला भाव नाही, धाकटा बारावीला, पाहुणे स्थळं सुचवतात. मावशींचा प्रश्न चुकीचा नव्हता. मग मी पोरीलाच घेऊन बसले.

तिला करायचं आहे एम.एस. बाय रिसर्च. एम.टेक.मध्ये विषय जास्त, वर्ग जास्त आणि शेवटी प्रकल्प असतो. एम.एस.मध्ये विषय थोडे असतात. बहुतेक वेळ एकच प्रश्न धरून, मार्गदर्शकाच्या हाताखाली शोध घ्यायचा आणि प्रबंध लिहायचा. मुंबईत पवईची आयआयटी, मद्रासची आयआयटी इथं असा अभ्यासक्रम आहे.

रस्ता गेट परीक्षेतून जातो. ही परीक्षा फेब्रुवारीत होते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. अर्ज त्याआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून बसता येतं, मुलींना फी निम्मी असते आणि गुण तीन वर्षं चालतात. म्हणजे एकदा हुकलं तर सगळं बुडालं असं नाही. गेटनंतर संस्था आपली लेखी परीक्षा किंवा मुलाखत घेते.

आता पैशाचं. गेटवरून प्रवेश मिळून शिकवण्यात मदत करणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्यासाठी आठवड्याला आठेक तास काम करावं लागतं, पेपर तपासा, लहान वर्गाच्या शंका सोडवा, असं. कंपनीचा पगार यापेक्षा जास्त असू शकतो, हे मी मावशींपासून लपवलं नाही. पण घरावर पूर्ण बोजा पडत नाही, हेही खरं. फी आणि वसतिगृहाचा खर्च संस्थेच्या माहितीपत्रकात असतो. तो वाचूनच हिशेब मांडायचा, ऐकीव आकड्यांवर नाही.

मी पोरीला विचारलं, "तू शोधणार काय?" ती हसली. म्हणाली, "ताई, आई म्हणते 'मी जातो', आजी म्हणते 'मी येतो'. आपल्या वऱ्हाडीत बाया असंच बोलतात. पण पुस्तकी मराठी शिकलेलं यंत्र त्यांना पुरुष समजतं. उद्या बँकेचं, दवाखान्याचं काम मोबाइलशी बोलून होईल, तेव्हा आईचं बोलणं त्याला कळलं पाहिजे ना?"

मैत्रिणींनो, मी गप्प झाले. हे काम हवेतलं नाही. पवईच्या आयआयटीत मराठी शब्दांचं आणि त्यांच्या अर्थांमधल्या नात्यांचं जाळं तयार झालं आहे, 'शब्दबंध' नावाचं. पण वऱ्हाडी बोली कानात घेऊन वाढलेली पोर त्या कामात असली, तर तिला जे ऐकू येईल ते दुसऱ्याला येणार नाही.

आणि ही वाट आपल्या भागाला नवी नाही. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर नागपूरला इंजिनिअर झाले, बडोद्याला पदव्युत्तर शिकले, दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी. झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. तिथं त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. नंतरची वर्षं शिकण्यात वाया गेली, असं कोणी म्हणेल का?

पुढच्या बैठकीत विषय ठेवला. एक जण म्हणाली, "म्हशीला कर्ज देतो, ते दुधातून फिटते. हे कशातून फिटन?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही रक्कम लहान ठेवली: गेटची फी, पुस्तकं आणि मुलाखतीचा प्रवास. परतफेड मावशींच्या शिलाईतून, नेहमीच्याच व्याजानं. सवलत मावशींनी मागितली नाही. लग्नाचा विषय त्यांनी निकालापर्यंत बाजूला ठेवला.

पोरगी आता पहाटे उठून अभ्यास करते. स्वयम आणि एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकायला मिळतात. निकाल काय लागेल, मी सांगू शकत नाही. नाही जमलं तर नोकरीची वाट आहेच, आणि गेटच्या गुणांवर काही सरकारी कंपन्याही भरती करतात.

तुमच्या गटात अशी पोर असेल, तर "आता पुरे" म्हणण्याआधी एक करा. तिला बैठकीत बोलवा आणि विचारा, तुला नेमकं काय शोधायचं आहे? तिला उत्तर देता आलं, तर मग हिशेबाची वही उघडा.