भांगातली रेघ
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही केसांवर बोला. सगळ्याजणी कान देऊन ऐकतील." आता तुम्ही ज्या हसलात त्यावरून त्यांचे म्हणणे खरे दिसते.

जळगावात घराच्या पुढच्या खोलीत मी गेली वीस वर्षे बायकांचे केस पाहते. माझे माहेर धुळ्याचे. तिथली आमची एक शेजारीण माझ्या आईला म्हणायची, "काय वं माय, डोकामा रस्ता पडना का?" आईने केस काळे करून तीन आठवडे झालेले असायचे आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी उघडी पडलेली असायची. आई हसायची, पण दुसऱ्या दिवशी देवळात जाताना पदर डोक्यावरून घ्यायची.

हा रस्ता का पडतो? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, फार तर सव्वा सेंटिमीटर वाढतो. रंग लागतो तो वर आलेल्या केसाला, मुळाला नाही. म्हणून तीन आठवड्यांत रंगाखालून पाऊण-एक सेंटिमीटर पांढरा केस निघतो. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. डोळ्याला खुपतो तो पांढरेपणा नाही, खुपते ती सीमा. वर कोळशासारखे काळे आणि खाली चुन्यासारखे पांढरे, मध्ये पट्टीने ओढल्यासारखी रेघ. परदेशात ज्या बायका केस सोनेरी करून घेतात त्यांची अडचण नेमकी उलटी असते. त्यांचे मूळ काळे दिसते आणि टोक सोनेरी. पण उपाय दोघींचा एकच. रेघ पुसण्याच्या मागे लागायचे नाही, ती धूसर करायची.

पहिला उपाय म्हणजे रंगाची निवड. गडद काळ्याचा हट्ट सोडा आणि गडद तपकिरी घ्या. काळा आणि पांढरा यांच्यातले अंतर तेवढे कमी होते आणि वाढ उशिरा दिसते.

दुसरा उपाय पार्लरमध्ये अर्ध्या तासात होतो. सौम्य रंग, जो केसात खोल न जाता धुण्यागणिक हळूहळू उतरतो, तो फक्त मुळाशी लावायचा आणि शेवटची काही मिनिटे ब्रशने किंवा फणीने एक-दोन बोटे खाली ओढायचा. जिथे रंग थांबतो तिथे कड राहत नाही. हा रंग पांढरा केस पुरता झाकत नाही, त्याच्यावर झाक आणतो. पुष्कळ पांढऱ्या केसांना तो पुरत नाही, हेही सांगून ठेवते.

तिसरा उपाय बारीक बटांचा. भांगाच्या आणि कानशिलांच्या आसपास सुईत ओवण्याइतक्या बारीक बटा निवडून त्या कागदी चांदीत गुंडाळून उजळ करतात. मग पांढरा केस त्या उजळ बटांत मिसळतो आणि डोळ्याला सरळ रेघ सापडत नाही. मात्र रंगवलेला केस नुसत्या दुसऱ्या रंगाने उजळ होत नाही, त्याला ब्लीच लागते. तुम्ही पाकिटातली मेंदी लावत असाल तर ते आधी सांगा. काही पाकिटांत धातूंचे क्षार असतात. ब्लीचशी त्यांची गाठ पडली की केस तापतो, तुटतो. आधी एका बटेवर करून पाहावे.

चौथे म्हणजे, दर वेळी सबंध केसाला रंग चोपडू नका. भांग आणि कपाळाची कड एवढीच रंगवा. टोकांवर थरावर थर बसले की ती शाईसारखी दिसतात आणि मूळ अधिकच उघडे पडते.

घाईच्या दिवशी भांग सरळ न पाडता नागमोडी पाडा, किंवा मुळाला लावायची रंगीत पूड कोरड्या केसावर थापा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. घाम आला की पूड कपाळावर ओघळते, तेव्हा ती बेताने.

आता मेंदी. राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शुद्ध मेंदी पांढऱ्या केसाला केशरी-तांबडी करते, काळी कधीच नाही. तिच्यावर निळीच्या पानांची पूड लावली तर तपकिरी-काळा रंग येतो. मग एका तासात केस काळेभोर करणारी 'काळी मेंदी' काय असते? बहुतेक वेळा तो मेंदीच्या नावाखाली विकला जाणारा पीपीडी हा रासायनिक रंग असतो.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी धुळ्याला माझ्या भाचीचे लग्न होते. आदल्या दिवशी वहिनी म्हणाली, "वन्सं, तेवढी रेघ झाका हो." दुकानातले काळ्या मेंदीचे पाकीट होते. कानामागे लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहायची असते, हे मला ठाऊक होते; पण लग्न उद्यावर होते आणि तिने पूर्वीही रंग लावला होता. मी माझ्या हाताने लावले. पहाटे वहिनीचे डोळे सुजून मिटले होते. कन्यादानाच्या वेळी वधूची आई दवाखान्यात होती. ती बरी झाली, मला एक शब्द बोलली नाही. फोटोंत तिची जागा रिकामी आहे, ती मी दर वेळी पाहते.

तेव्हापासून चाचणीशिवाय मी कोणाला हात लावीत नाही. गिऱ्हाईक रागावले तरी चालेल. पूर्वी सोसला तो रंग आजही सोसेलच असे नसते. आणि पाकिटावर 'अमोनिया नाही' लिहिले म्हणजे 'पीपीडी नाही' असा अर्थ होत नाही. मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा.

वहिनीने नंतर रंग सोडला. कातडी पूर्ण बरी झाल्यावर, बऱ्याच महिन्यांनी, मी तिच्या काळ्या लांबीत मुळापासून दूर धरून थोड्या बारीक बटा उजळ केल्या आणि दर दोन महिन्यांनी टोके कापत गेले. खांद्याएवढे केस पुरते पांढरे व्हायला अडीच वर्षे लागली. वाटेत कुठेही ती रेघ दिसली नाही. म्हणजे रंग ठेवायचा असो वा सोडायचा असो, ही विद्या दोन्हीकडे उपयोगी पडते.

भगिनींनो, रंग लावावा की नाही हे मी सांगणार नाही. ते ज्याच्या त्याच्या डोक्याचे काम आहे. पण रंगाची तारीख उलटली म्हणून मंडळाच्या सभेला न येणाऱ्या तीन-चारजणी मला ठाऊक आहेत. नावे सांगत नाही. त्यांनी पुढच्या शुक्रवारी रेघेसकट यावे. चहा झाल्यावर मी फणी घेऊन बसेन, आणि ज्यांना चाचणी करून घ्यायची असेल त्यांनी कानामागची जागा मोकळी ठेवावी.